प्रारंभिक विद्युत ध्वनिमुद्रण आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज

संगीताच्या इतिहासात ध्वनिमुद्रिका हा प्रत्यक्ष पुरावा मानला जातो. परंतु तबकडी कोणत्या पद्धतीने मुद्रित झाली हे न पाहता तिच्यावरून गायकाच्या आवाजाविषयी मत बनविणे धोक्याचे असते. मिरजेस स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या, तर आज विशेष ऐकल्या जाणाऱ्या आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांतील होत. या दोहोंच्या मध्ये, १९२५ साली, अमेरिकेत विद्युत ध्वनिमुद्रण व्यवहारात आले.

त्यापूर्वी गायकास कर्ण्याच्या तोंडाशी गावे लागे. केवळ आवाजाच्या दाबाने पडदा हाले आणि सुई मेणावर खाच कोरी. त्यामुळे ढोबळमानाने १७० ते २००० हर्ट्‌झ एवढाच पट्टा उतरे. शिवाय कर्णा स्वतःच्या काही स्वरांना फुगवी. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या हंड्यात तोंड घालून बोललेल्यास हा प्रकार वेगळा सांगावयास नको. मायक्रोफोन व विवर्धक आल्यावर हा पट्टा साधारण १०० ते ५००० हर्ट्‌झपर्यंत विस्तारला. हळुवार स्वर, श्वासाचा अंश, व्यंजनांची धार टिपली जाऊ लागली. तंबोऱ्याचा लाभ तर याहून मोठा होता. जवारीचा झणत्कार मुख्यतः वरच्या स्वरांशांचा असल्याने कर्ण्यापुढे तो जवळजवळ लोपत असे. (मिरज हे तंबोऱ्यांचेच गाव, हा योगायोग!)

म्हणूनच तिशीतील आणि साठीतील खाँसाहेबांच्या आवाजात जाणवणाऱ्या फरकाचे श्रेय सर्वस्वी वयाला किंवा बदललेल्या गायकीला देता येत नाही. त्यात यंत्राचाही वाटा आहे, आणि निव्वळ कानाने तो वेगळा काढणे कठीण आहे.

पुनर्ध्वनीकरणातही सावधगिरी हवी. विद्युत मुद्रणात सुमारे २५० हर्ट्‌झखालील खर्ज, खाचा एकमेकींत शिरू नयेत म्हणून, मुद्दाम दाबला जाई. ऐकविताना तो तेवढाच उचलावा लागतो. याउलट १९५४ नंतर रूढ झालेली एल. पी. तबकडीची भरपाई वापरल्यास वरचे स्वरांश कापले जाऊन आवाज मंद होतो. बारीक सुई तर रुंद खाचेच्या तळाशी घासून खरखर वाढविते. तबकडीची गती सहा टक्क्यांनी चुकली तरी षड्ज एका अर्धस्वराने सरकतो. १९०५ च्या सुमारास गती सर्वत्र नेमकी ७८ फेऱ्यांची नसे. त्यामुळे अशा तबकडीवरून खाँसाहेबांची पट्टी सांगण्यापूर्वी मूळ गती पडताळून पाहणे अगत्याचे आहे.