जुनी शेगडी : दुरुस्ती की नवी खरेदी?

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जमाखर्चात काही निर्णय किरकोळ मानले जातात, आणि त्यामुळेच ते बहुधा पुरेसा विचार न करता घेतले जातात. दहा-बारा वर्षे वापरलेली गॅसची शेगडी दुरुस्त करावी की मोडीत काढून नवी आणावी, हा त्यांपैकीच एक. ज्योत पिवळी पडू लागते, पातेल्यांची बुडे काळी होतात, बटण घट्ट होते; आणि घरात दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे असे की, गेल्याच वर्षी तिच्यावर पैसे घातले आहेत, तेव्हा ती आता टाकता येणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जुनी शेगडी गॅस खाते, तेव्हा नवी आणणेच स्वस्त. दोन्ही युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतात. परंतु दोहोंतही विचाराचा एकेक दोष आहे.

पहिल्या पक्षाचा दोष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. जो खर्च होऊन गेला आणि जो कोणत्याही निर्णयाने परत मिळणार नाही, तो बुडीत खर्च होय. पुढचा निर्णय करताना त्याला स्थान नसते. गेल्या वर्षी शेगडीवर पाचशे रुपये घातले की दोन हजार, याने उद्याच्या ज्योतीत काहीही फरक पडत नाही. विचार करावयाचा तो येथून पुढे लागणाऱ्या पैशांचा आणि येथून पुढे मिळणाऱ्या उपयोगाचा.

तुलना कशाची कशाशी?

दुसऱ्या पक्षाचा दोष अधिक सूक्ष्म आहे. हा पक्ष आजच्या दुर्लक्षित, काजळलेल्या शेगडीची तुलना दुकानातील कोऱ्या शेगडीशी करतो. वस्तुतः तुलना व्हावयास हवी ती दुरुस्त केलेल्या जुन्या शेगडीची नव्या शेगडीशी. हा फरक किती मोठा ठरतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

घरगुती गॅस-शेगडीसाठी जे भारतीय मानक आहे, त्यानुसार तिची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. गॅसमधील उष्णतेपैकी निदान इतका भाग भांड्यापर्यंत पोहोचला पाहिजे, असा याचा अर्थ. समजा, जुन्या शेगडीची कार्यक्षमता घसरून ६० टक्क्यांवर आली आहे आणि घरात वर्षाला आठ सिलिंडर लागतात. कार्यक्षमता पुन्हा ६८ टक्के झाली, तर तेवढ्याच स्वयंपाकाला सात सिलिंडरांहून किंचित अधिक गॅस पुरेल. सिलिंडर नऊशे रुपयांना धरला, तर वर्षाची बचत साडेआठशेच्या घरात जाते. चार हजारांची नवी शेगडी पाच वर्षांच्या आत आपली किंमत भरून काढील, असे दिसते. आणि विक्रेत्याचे गणित येथेच थांबते.

ते येथे थांबता कामा नये. कार्यक्षमता घसरते ती बहुतांशी बर्नरमुळे. उतू गेलेल्या दुधाने आणि वरणाने बर्नरची छिद्रे बुजतात, हवा आणि गॅस जेथे मिसळतात ती नळी मळाने भरते, ज्वलन अपुरे होते आणि निळी ज्योत पिवळी पडते. साफसफाई किंवा सात-आठशे रुपयांत बर्नरांची नवी जोडी एवढ्याने हा दोष बव्हंशी दूर होत असेल, तर साडेआठशेंपैकी बरीचशी बचत दुरुस्तीनेच हाती येते. नव्या शेगडीच्या नावावर मग उरते ती फक्त वरची थोडीशी बचत. आणि तेवढ्यासाठी चार हजार मोजणे परवडणारे नसते.

यातून एक साधा नियम निघतो. दुरुस्ती म्हणजे वस्तूच्या आयुष्याची काही वर्षे विकत घेणे होय. दुरुस्तीचा खर्च भागिले त्यामुळे मिळणारी वर्षे, आणि नव्या वस्तूची किंमत भागिले तिचे अपेक्षित आयुष्य, हे दोन आकडे शेजारी मांडावेत. चार हजारांची शेगडी दहा वर्षे टिकली, तर तिचा वार्षिक भार चारशे रुपये. आठशेची दुरुस्ती तीन वर्षे चालली, तर वर्षाला पावणेतीनशेच्या आतबाहेर. तीच दुरुस्ती वर्षभरही टिकत नसेल, तर मात्र जुन्या शेगडीला निरोप देणे इष्ट.

हिशेबाबाहेरचे भाग

तथापि शेगडीचे सर्वच भाग या हिशेबात बसत नाहीत. रबरी नळी, बटणाखालचा वाल्व आणि आतील गॅसवाहक पाइप यांचा प्रश्न काटकसरीचा नसून सुरक्षिततेचा आहे. नळी दर पाच वर्षांनी बदलावी असे तेल कंपन्याच सांगतात. ती वरून चांगली दिसते, हे न बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, आणि त्याची झळ केवळ ज्याने शेगडी ठेवण्याचा निर्णय घेतला त्यालाच लागत नाही. चाळीत, वाड्यात किंवा सदनिकांच्या इमारतीत भिंतीपलीकडच्या कुटुंबाने या निर्णयात भाग घेतलेला नसतो; धोका मात्र त्याच्याही वाट्याला येतो. म्हणून वाल्व गळत असेल आणि त्या जोडीचा वाल्व मिळत नसेल, आतला पाइप गंजला असेल, किंवा शेगडीवर मानक चिन्हच नसेल, तर कोणताही भागाकार न करता ती बदलली पाहिजे.

येथे एका जुन्या सवयीचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. रॉकेलच्या स्टोव्हचा निपल पिनेने साफ करण्यात एक पिढी वाढली. मुंबईत घरगुती गॅस १९५५ साली आला, त्यानंतर हळूहळू स्टोव्ह गेले; पिनेची सवय मात्र अनेक घरांत राहिली. गॅस-शेगडीच्या जेटमध्ये पिन वा तार घातली, तर त्याचे नेमके मापाचे छिद्र मोठे होते, गॅस अधिक सुटतो आणि ज्योत आणखी बिघडते. अशा घरगुती इलाजाने वाचलेला पैसा पुढे सिलिंडरमध्ये जातो.

निवड कोणाला उपलब्ध आहे?

आतापर्यंतचा विचार ज्याच्यापुढे दोन्ही मार्ग खुले आहेत त्याचा झाला. परंतु दोन्ही मार्ग सर्वांना खुले नाहीत. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिच्याद्वारे दहा कोटींहून अधिक कुटुंबांकडे गॅसजोडणी गेली. पहिल्या वर्षांतील त्या शेगड्या आता जुन्या झाल्या आहेत. मोलमजुरी करणाऱ्या घरात चार हजार रुपये एकरकमी निघत नाहीत. आणि खेड्यात दुरुस्ती करणारा माणूसही सहज भेटत नाही. म्हणजे जेथे दुरुस्तीची गरज सर्वांत मोठी, तेथेच तिची सोय सर्वांत अपुरी. अशा घरात शेगडी बिघडली की ती गळती अंगावर घेऊन चालवली जाते, किंवा कोपऱ्यात ठेवून चूल पुन्हा पेटवली जाते. शासनाने जोडणीवर केलेला खर्च तेथे वाया जातो, आणि धूर पुन्हा गृहिणीच्या डोळ्यांत जातो.

शहरातही दुरुस्तीची वाट अरुंद होत चालली आहे. स्टोव्हचे वायसर बदलणारा आणि भांड्यांना कल्हई लावणारा ज्या क्रमाने आळीतून दिसेनासा झाला, त्याच क्रमाने शेगडी दुरुस्त करणाराही दुर्मिळ होत आहे. पोलादी पत्र्याच्या शेगडीची जागा काचेच्या शेगडीने घेतली. पत्र्याला पोचा आला तरी काम अडत नसे. काच तडकली की ती बदलल्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्याच मापाची काच पाच वर्षांनी मिळेल याची शाश्वती कोणी देत नाही. सुटा भाग मिळत नसेल, तर ‘बदलणेच स्वस्त’ हे वाक्य ग्राहकाचा निष्कर्ष राहत नाही. तो त्याच्यावर लादलेला निर्णय ठरतो.

काय करता येईल?

या प्रश्नाची दखल घेतली गेलीच नाही, असे नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या दुरुस्तीस किती सुलभ आहेत याचा दहापैकी गुणांक छापणे बंधनकारक केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली; तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने आणि घरगुती टिकाऊ वस्तू ही चार क्षेत्रे होती. चर्चेचा भर मात्र बहुधा मोबाइलवर राहतो. ज्या वस्तूवर देशातील बहुसंख्य घरांचा दोन वेळचा स्वयंपाक अवलंबून आहे, तिचाही या चर्चेत तितकाच अधिकार आहे.

शेगडी विकताना तिच्या बर्नरची, वाल्वची आणि काचेची किंमत, तसेच हे भाग किती वर्षे मिळतील ती मुदत, पावतीसोबत छापील देणे उत्पादकांना अवघड नाही. वितरकांमार्फत होणारी सुरक्षा-तपासणी सहीपुरती न उरता बर्नरच्या ज्योतीपर्यंत पोहोचली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शेगडी-दुरुस्तीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम चालवला, तर तालुक्याच्या गावी काही तरुणांना काम आणि शेकडो घरांना सोय मिळेल. देशात वापरल्या जाणाऱ्या या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग आयात करावा लागतो; त्यामुळे पिवळ्या ज्योतीत वाया जाणारा गॅस हा घरखर्चाबरोबरच देशाच्या परकीय चलनाचाही प्रश्न आहे.

ग्राहकापुरते बोलावयाचे, तर शेगडी टाकण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी क्रमाने विचाराव्यात. ती सुरक्षित आहे काय? साफसफाईने आणि बर्नर बदलून तिची ज्योत निळी होते काय? आणि त्या खर्चात किती वर्षे मिळतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पुढचे दोन विचारण्याचे कारण नाही. ते होकारार्थी असेल, तर उरलेल्या दोहोंची उत्तरे मिळेपर्यंत नव्या शेगडीचे पैसे खिशातच ठेवणे शहाणपणाचे.