प्लेट घसली नाही, पेली

वऱ्हाडात गाडी चढावर ओढेनाशी झाली की रस्त्याच्या कडेला जमलेली माणसं एकमुखानं निदान करतात, "क्लचप्लेट गेली." चहावाला सांगतो, पंक्चरवाला सांगतो, बकऱ्या राखणारा पोरगाही सांगतो. बॉनेट अजून उघडलेलंही नसतं. गेल्या जुलैत मी हे निदान ऐकलं, मानलं, हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात नवी प्लेट टाकून घेतली आणि सप्टेंबरात त्याच चढावर त्याच वळणाशी पुन्हा उभी राहिले.

तो चढ परतवाड्याहून घटांगकडे जाणारा. सेमाडोहला माझी मावसबहीण नोकरीला आहे, तिच्याकडे निघाले होते. गाडी बाबांची, महिंद्रा ५४०. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या घराण्यातली ही नात म्हणायची. खिडक्यांना काचा नाहीत, बोलायचं तर ओरडावं लागतं. बाबा गेल्यावर भावानं ती भंगारात काढायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, माझ्या वाट्याला दे. तेव्हापासून पेट्रोल पंपावर दर वेळी कुणीतरी विचारतंच, "ताई, ड्रायव्हर कुठं गेला?"

माझं घर अकोल्यात आणि शेत दर्यापूर तालुक्यात. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. असल्या रस्त्यावर क्लचला कामच नसतं. चौथा गिअर पडला की डावा पाय विसरून जायचा. पण महामार्ग सोडून शेताच्या पांधणीला वळलं की जागतिक विक्रम तिथंच संपतो आणि काळी माती सुरू होते.

ही माती उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळते आणि पावसात पाणी पिऊन फुगते. तिच्यातली चिकणमाती फार बारीक पापुद्र्यांची असते, पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरून बसतं. आधी टायरची नक्षी भरते, मग मडगार्डच्या आत गारा ठासतो आणि थोड्या वेळानं चाक रबराचं राहतच नाही. अशा वेळी ड्रायव्हर काय करतो? पेडल अर्धं सोडतो, अर्धं दाबून ठेवतो आणि ॲक्सिलरेटर देत राहतो. गाडी डुलते, पुढे जाईल असं वाटतं. तिकडे खाली प्लेट भाजत असते. गाऱ्यात मेलेले क्लच बहुतेक असेच मेलेले असतात, ट्रॅक्टरचेसुद्धा.

क्लच म्हणजे नेमकं काय, हे बाबांनी मला भाकरी थापताना सांगितलं होतं. दोन तळहातांमध्ये भाकर घट्ट धरली तर हात फिरले की भाकर फिरते. हात सैल केले की हात फिरतात, भाकर जागच्या जागी राहते. एक तळहात म्हणजे इंजिनच्या मागचं फ्लायव्हील, दुसरा म्हणजे स्प्रिंगांच्या जोरावर दाबणारी प्रेशर प्लेट. मधली भाकर ती क्लचप्लेट. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर असतं आणि तिच्या मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट अडकलेला असतो. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना ढकलतं आणि पकड सुटते. पाय काढला की स्प्रिंगा पुन्हा आवळतात. आवळल्यावरही भाकर सटकत राहिली तर त्याला क्लच स्लिप होणं म्हणायचं. उलटा रोगही असतो: पेडल पूर्ण दाबूनही पकड सुटत नाही आणि गिअर टाकताना खर्र आवाज येतो. हे दोन रोग वेगळे, औषधं वेगळी. लोक सर्रास गल्लत करतात.

घटांगच्या चढावर मला जे झालं ते पहिलं. तिसऱ्या गिअरमध्ये होते. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनचा आवाज वर चढला आणि गाडीचा वेग मात्र होता तिथंच, मग त्याहून खाली. पाठोपाठ वास आला. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. जळक्या ब्रेकचा, जळक्या रबराचा आणि करपलेल्या केसांचा मिळून एक वास. मी कडेला घेतलं आणि जुलैत न केलेली तपासणी या वेळी केली. गाडी सपाटीवर, पुढे-मागे कुणी नाही, हँडब्रेक करकचून ओढलेला, चौथा गिअर टाकलेला. इंजिन थोडं चढवून क्लच सोडला. धडधाकट क्लच असेल तर इंजिन क्षणात गचका खाऊन बंद पडतं. माझं गुरगुरत राहिलं. ही परीक्षा एकदाच घ्यायची, दोन सेकंदांत संपवायची. चार वेळा करून खात्री करणारा माणूस उरलेला क्लचही तिथंच संपवतो.

त्यानंतर पेडल हातानं दाबून पाहिलं. सुरुवातीचा बोटभर प्रवास मोकळा, विनाजोराचा असायला हवा. पुष्कळांना वाटतं की प्लेट झिजली की हा मोकळेपणा वाढत असेल. सळई किंवा केबलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत नेमकं उलटं होतं. प्लेट पातळ होते तशी प्रेशर प्लेटची बोटं मागे, बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा मोकळा प्रवास कमी होत जातो. तो पूर्ण संपला की बेअरिंग कायम बोटांवर टेकून राहतं, म्हणजे कुणीतरी चोवीस तास क्लचवर पाय ठेवून बसल्यासारखं. मग चांगली प्लेटही सटकते. अशा वेळी सळईवरचा नट दोन आटे फिरवला तरी गाडी वाटेला लागते, खर्च शून्य. माझ्या पेडलचा प्रवास मात्र बरोबर बोटभर होता. नव्या प्लेटला दोनच महिने झालेले, तेव्हा झिजण्याचाही प्रश्न नव्हता.

नव्या गाड्यांत बहुधा सळईऐवजी हायड्रॉलिक तेल असतं. तिथं तेल परत जाण्याचं बारीक छिद्र बुजलं किंवा रबरी होज आतून फुगली तर पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो. क्लच सटकत असताना खालच्या सिलिंडरचं निपल किंचित सैल करायचं. तेल उडालं आणि क्लचनं पकड घेतली, तर प्लेटला हात लावायचं कारण नाही.

तर मी अडकले होते, आणि मोबाइलला रेंज नव्हती. अर्धा तास क्लच थंड होऊ दिला. मग ट्रान्सफर केसचा लिव्हर लो मध्ये टाकला. या जीपला लो हवा असेल तर पुढचा ॲक्सलही जोडावा लागतो, आणि डांबरावर चारही चाकं जोडून चालवली की वळणावर सगळा गिअरचा पसारा पिळवटतो. म्हणून पुढच्या चाकांचे हब मोकळेच ठेवले. जोर फक्त मागच्या चाकांना. या जातीच्या ट्रान्सफर केसमध्ये लोचं गुणोत्तर साधारण अडीच असतं. म्हणजे चाकांना तेवढाच जोर द्यायला क्लचला अडीच पटीनं कमी ताण सोसावा लागतो. आजारी माणसाच्या डोक्यावरचं पोतं उतरवून हातात पिशवी द्यावी तसं. लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये, पावलापावलानं, गाडी घटांगला पोचली. (या डोंगरातून १८०३ च्या डिसेंबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेनं गाविलगडासाठी जड तोफा ओढून नेल्या होत्या, स्वतःच वाट तयार करत. त्या दिवशी मला त्या फौजेबद्दल फार आपुलकी वाटली.)

दुसऱ्या दिवशी त्याच लोमध्ये हळूहळू उतरून परतवाड्याला आले ते थेट चाचांच्या गॅरेजात. बाबांची जीप चाचांनीच सांभाळलेली. मी जुलैत दुसरीकडे गेले होते हे त्यांना आधीच कळलं होतं, आणि ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्यांनी पाना काढला नाही. गाडीखाली आडवे झाले आणि बेल हाउसिंगच्या तळाशी जे छोटं भोक असतं तिथं बोट लावलं. बोटावर तेलाचा थेंब आला. तो अंगठ्यानं चोळला, हुंगला आणि बोट माझ्यासमोर धरलं.

"घ्या वास."

काडेपेटीच्या गुलासारखा वास होता.

"इंजिनचं असतं तं कायं अन् पातळ असतं. हे गिअरचं ऑइल हाये. प्लेट घसली नाई ताई, पेली हाये."

गिअर ऑइलमध्ये दातांना दात घासू नयेत म्हणून गंधकयुक्त रसायनं घातलेली असतात, तो हा वास. डिझेल इंजिनचं तेल काजळीनं काळं पडलेलं असतं. बोटावरच्या थेंबावरून गळती इंजिनच्या मागच्या सीलची की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची, हे कळतं. हे भोक जुलैतही तिथंच होतं.

गिअरबॉक्स उतरवणं हे दिवसभराचं काम. फोर-व्हीलला दोन प्रॉपेलर शाफ्ट, शिवाय गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस चिकटलेली. सगळं ओझं जॅकवर घेऊन मागे सरकवायचं. घाईत हे ओझं शाफ्टवर लटकू दिलं तर नवी प्लेटही मधोमध वाकते. चाचांच्या नातवानं बेल हाउसिंग वाऱ्याच्या नळीनं फुंकायला घेतली तेव्हा चाचा त्याच्यावर ओरडले. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत जाते आणि तिथंच राहते. ओल्या फडक्यानं पुसायचं, फुंकायचं नाही.

प्लेट हातात आली. अस्तर भरपूर जाड, रिव्हेटांची डोकी खोल. पण पृष्ठभाग काळा, काचेसारखा चकचकीत. मी विचारलं, पेट्रोलनं धुवून चालेल का? त्यांनी मान हलवली. अस्तरात मुरलेलं तेल वरून निघतं, गाडी तापली की आतलं पुन्हा वर येतं. जुने ड्रायव्हर रस्त्यात अडकले की भोकातून चुलीची राख नाही तर मुलतानी माती फुंकायचे, तेल शोषून घ्यायला. घरापर्यंत पोचण्यापुरता तो उपाय, वर्षभराचा नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, उष्णतेचे. नखानं चाचपलं तर बारीक खाचा लागत होत्या. ते लेथवर घासून सपाट करायला दिलं.

पुढचं सील फाटलेलं होतं. दोन-तीनशे रुपयांची रबरी कडी. जुलैत गिअरबॉक्स उतरलेलाच होता, तेव्हाच बदलली असती तर गोष्ट तिथं संपली असती. असं मी म्हणाले तेव्हा चाचा हसले.

"संपली नसती. सील काऊन फाटलं?"

ते गिअरबॉक्सच्या माथ्यावर बोटानं काहीतरी शोधत होते. तिथं करंगळीच्या टोकाएवढी एक टोपी असते, ब्रीदर म्हणतात. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. थंड झाला की इथूनच आत येते. माझ्या ब्रीदरमध्ये काळी माती ठासून, वाळून दगड झाली होती. हवेला वाट नाही, मग ती तेलाला ढकलते आणि तेल जिथं कमजोर जागा सापडेल तिथून निघतं. सील बदललं असतं तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच झालं असतं. मी शेतात जाताना गुडघाभर नाला ओलांडते तो रोजचाच. त्यात तापलेला गिअरबॉक्स बुडतो, एकदम थंड होतो, आणि ब्रीदर पाण्याचा आणि गाळाचा घोट घेतो.

मला एकदम हुशारी सुचली. शेतात ठिबकच्या बारीक नळ्या पडून आहेत, एक लावून ब्रीदर वर बॉनेटमध्ये आणू या का?

"डोकं बराबर हाये. नयी नाई. गरमीनं वाकन ते." चाचांनी डिझेल रिटर्नची रबरी नळी कापली, ब्रीदरला जोडून इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत चढवली आणि तिचं तोंड खाली वळवून वर जाळीचा तुकडा बांधला. कुंभारीण माशीला मातीचं घर करायला अशी भोकं फार आवडतात.

मग जोडणी. प्लेट मधोमध बसावी म्हणून त्यांनी एक जुना टॉप शाफ्ट आत घातला आणि त्यावर तोलून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. खाचांना ग्रीसचं नुसतं बोट. रिलीज बेअरिंग नवं; ते डिझेलमध्ये धुवायचं नसतं, आतलं ग्रीस निघून जातं. गिअर ऑइल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत, त्यावर थेंब नाही. निघताना फक्त एवढं म्हणाले, "पयले पाचशे किलोमीटर नव्या सुनेवानी वागवा. अन् डावा पाय पेडलवर ठेऊ नोका." बाबाही डाव्या पायाबद्दल हेच म्हणायचे: पाहुणा आहे तो, काम झालं की बाहेर.

पाचशे किलोमीटर झाल्यावर मी तिसऱ्या गिअरमध्ये घटांग चढले. वळणाशी थांबले नाही. अकोल्याला परत आल्यावर रात्री बेल हाउसिंगच्या भोकाखाली साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी कोरडा होता. उंदरानं एक कोपरा कुरतडला होता, तेवढाच.