जुना नमुना वाचावा कसा, नवा लिहावा कसा

बाजारात ‘क्रोशाची लेस’ म्हणून जी पट्टी मीटरवर मिळते, ती बहुतेक वेळा क्रोशाची नसते. यंत्र क्रोशासारखी दिसणारी जाळी काढतं. पण आकड्याच्या सुईनं एका फासातून दुसरा फास ओढायचा, मध्येच तीन ओळी खाली सुई खुपसून टाका घ्यायचा, गोल फिरता फिरता उलट वळायचं, हे काम व्यापारी प्रमाणावर यंत्राला अजून जमलेलं नाही. खरा क्रोशाचा रुमाल कुणीतरी बसून, दोरा बोटावर घेऊनच विणलेला असतो. साहजिकच या कामात नमुन्याला मोल येतं. नमुना हाती आला की वस्तू कुठंही, कुणाच्याही हातून पुन्हा जन्माला येते.

आज माहीत असलेले क्रोशाचे सर्वांत जुने छापील नमुने १८२३च्या सुमाराचे, ‘पेनेलोपे’ या डच मासिकातले. बटव्यांचे. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ नमुना म्हणजे विणलेला तुकडाच असे. वीतभर नमुना विणायचा, कापडावर टाचायचा आणि पाहणारीनं टाके मोजून तो उचलायचा. आपल्याकडं आजही हीच पद्धत जास्त चालते.

हातात आलेला नमुना काय करू शकतो, हे १८४५नंतरच्या दुष्काळात आयर्लंडनं पाहिलं. बटाट्याचं पीक कुजलं, लोक उपाशी मरू लागले. तेव्हा कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या उर्सुलाइन जोगिणींनी आणि क्लोन्स गावात कॅसँड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीनं बायकांना क्रोशाची लेस शिकवली. लेस विकून घरात अन्न येऊ लागलं. शिवणाच्या सुईनं करायच्या महाग लेसला महिने लागत, क्रोशाला त्यामानानं थोडे दिवस. गुलाब, तिपानी, द्राक्षाचे घोस असे आकार सुटे विणून मागाहून जाळीनं जोडायचे, ही आयरिश पद्धत. काही घरांत एखादा आकार त्याच घरातल्या बायका विणायच्या आणि शेजारणीला दाखवायच्या नाहीत, असं सांगतात. पोटाचा प्रश्न असताना ते समजण्यासारखं आहे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एलेनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर ही तरुणी नमुने उघडपणे छापत होती. १८४६मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिनं विशी ओलांडली नव्हती. पुढं चाळीस वर्षांत सत्तरच्या आसपास पुस्तकं निघाली. आयरिश क्रोशा आपणच शोधला, असा तिचा दावा होता. तो मान्य करायची गरज नाही. पण आयरिश लेसची वीण छापून दूरवर पोचवण्यात तिचा वाटा मोठा, यात शंका नाही.

मात्र त्या काळातल्या पुस्तकांवरून आज विणायला बसलं की हात थबकतो. नमुना अर्धाच लिहिलेला असतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोरा तोडून पुन्हा उजवीकडून सुरुवात करायची, हे गृहीत धरलेलं असतं. चित्र खोदकामाचं, ते काढणाऱ्या कारागिरानं टाके मोजलेले असतीलच असं नाही. शब्द तर लेखिकेगणिक बदलतात. वाचणारीला विणता येतंच, तिला फक्त आठवण करून द्यायची आहे, अशा थाटात सगळं लिहिलेलं. मला वाटतं, नमुना बनवणं आणि नमुना लिहिणं ही दोन वेगळी कसबं आहेत, आणि दुसरं जास्त दुर्मीळ आहे.

ते कसब पुरेपूर असलेली बाई म्हणजे ऑस्ट्रेलियाची मेरी कार्ड. जन्म १८६१चा, व्हिक्टोरिया प्रांतातल्या कासलमेन गावचा. ती शाळा चालवायची. ऐकू येणं कमी होत गेलं आणि शिकवणं सोडावं लागलं. मग ती क्रोशाच्या नमुन्यांकडं वळली. ‘न्यू आयडिया’ या मासिकात, जे पुढं ‘एव्हरीलेडीज जर्नल’ झालं, तिचे नमुने येऊ लागले आणि अख्खा देश ते विणू लागला. तिचा हातखंडा फिले क्रोशात. यात सगळं चौकोनांवर चालतं: रिकामा चौकोन म्हणजे जाळी, भरलेला चौकोन म्हणजे चित्र. एका चौकोनाला तीन टाके आणि ओळीच्या शेवटी कडेचा एक. म्हणजे २० चौकोनांची ओळ ६१ टाक्यांची. हिशेब इतका सरळ असल्यानं वाक्यं लिहायची गरजच उरत नाही, आलेख पुरतो. मेरी कार्डनं हे आलेख मोठ्या कागदावर, मोठ्या चौकोनांत छापवले. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात, मांडीवर काम ठेवून चौकोन मोजणाऱ्या बाईचे डोळे तिच्या ध्यानात होते. विषयही इंग्लंडहून उसने आणलेले नव्हते. ऑस्ट्रेलियाची फुलं आणि पक्षी तिनं चौकोनांत बसवले. १९४०मध्ये ती वारली. तिचे आलेख आजही जसेच्या तसे विणता येतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या कितीतरी पुस्तकांबद्दल असं म्हणता येत नाही.

जुना नमुना हाती आला तर आधी तो ब्रिटिश की अमेरिकन ते ठरवावं. दोन्हीकडं नावं तीच, टाके वेगळे. ब्रिटिशांचा ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकनांचा ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला पुरा खांब. अमेरिकन नमुन्यात मुक्या खांबाला ‘सिंगल’ म्हणतात, तेव्हा दाट विणीच्या वस्तूत हा शब्द पुन्हा पुन्हा आला की नमुना अमेरिकन धरावा. मासिक कुठं छापलं तेही बघावं. गफलत झाली तर गोल रुमाल ती लगेच सांगतो. खांबाच्या जागी मुका खांब घातला तर फेरी बुटकी राहते, पण वाढवलेले टाके तेवढेच असतात. कड मावत नाही आणि झालर उठते. उलट झालं तर रुमालाची वाटी होते. ही झालर मुद्दाम वाढवली की काय होतं, हे डायना तैमिना या लाटवियन गणितज्ञ बाईंनी १९९७मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दाखवलं. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत राहायचं, एवढाच त्यांचा नमुना. त्यातून अपास्ती (हायपरबोलिक) भूमितीचा पृष्ठभाग हातात धरता येतो. विद्यार्थ्यांना समांतर रेषा एकमेकींपासून दूर जाताना त्यावर शिवून दाखवता येतात. इतका छोटा आणि इतका सुपीक नमुना मला दुसरा माहीत नाही.

मग दोरा. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक; ६० नंबरचा दोरा २० नंबरच्या मानानं केसासारखा. जुने रुमाल फार बारीक दोऱ्यावर विणलेले असत. तोच नमुना जाड दोऱ्यानं विणला तर टाके बरोबर येतील, पण ताटलीखालचा रुमाल अर्ध्या टेबलावर पसरेल. सुयांचे जुने आकडेही देशागणिक वेगळे, त्यांच्यावर विसंबू नये. दहा सेंटिमीटरचा चौकोन विणावा, धुवावा, टाचण्या लावून वाळवावा आणि मगच मापावा. न धुतलेल्या तुकड्याचं माप फसवतं. आणि पहिल्या प्रयत्नात हिशेब जुळला नाही तर दोष आपलाच, असं मानू नये. जुन्या छपाईत टाक्यांचे आकडे चुकलेले सापडतात.

जुने नमुने शोधून वाचून झाले की ते इतरांना द्यावेसे वाटतात. इथं कायदा थोडा समजून घ्यायला हवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. नाव नसलेल्या प्रकाशनाला प्रकाशनापासून ६० वर्षं. मेरी कार्डचे आलेख त्यामुळं आपल्याकडं कधीच मुक्त झालेत. खांब, साखळी, जाळी यांवर कुणाचाच हक्क नसतो. हक्क असतो तो लिहिलेल्या मजकुरावर, आलेखावर, छायाचित्रावर. हयात बाईचा विकतचा नमुना घेतला म्हणजे त्याच्या झेरॉक्स वाटायची मुभा मिळत नाही. इंग्रजी नमुना मराठीत उतरवून वाटायलाही परवानगी लागते, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. भाषांतराचा हक्कही मूळ लेखिकेचाच. विचारलं तर अनेकजणी आनंदानं हो म्हणतात.

नावाचा प्रश्न मात्र कायद्यापेक्षा जुना आहे. ग्रॅनी स्क्वेअर म्हणून जो चौकोन जगभर विणला जातो, त्याचा एक सुरुवातीचा छापील नमुना १८८५मध्ये ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन शेतकऱ्यांच्या पत्रात आला. वाचकांपैकी फेल्प्स आडनावाच्या बाईंनी तो पाठवला होता. आज तो चौकोन विणणाऱ्यांतल्या किती जणींना हे आडनाव माहीत असेल? १९३०-५०च्या दशकांत दोऱ्याच्या कंपन्या दोरा खपावा म्हणून स्वस्त पुस्तिका काढत. त्यांत नमुना रचणारीचं नाव क्वचितच असे. आंध्रातल्या नरसापूरची कथा याहून कडू आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथं ही कला आणली, तिचं निर्यातीचं काम झालं, २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अभ्यासक मारिया मीस यांनी १९८२च्या पुस्तकात दाखवलं ते असं: दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या बायकांना घरबसल्या फावल्या वेळचा उद्योग करणाऱ्या गृहिणी ठरवून नाममात्र मजुरी दिली जात होती.

करणारीचं नाव मागं न उरणं आपल्या रुखवतातही दिसतं. तोरण, महिरपी, रुमाल, बाळाचं टोपडं; प्रत्येक घरात एखादी आत्या किंवा मावशी, जिचा मोर इतर कुणाला जमत नाही. ती गेली की मोर गेला, कारण तिनं तो लिहिला नव्हता. विचारलं तर म्हणायची, “त्यात काय लिहायचं? बघ आणि विण.”

म्हणून एक विनंती. स्वतःच्या डोक्यानं काही विणलंत तर उसवायच्या आत किंवा भेट द्यायच्या आत ते लिहून ठेवा. सुरुवातीला दोऱ्याचा नंबर, सुईचा मिलिमीटरमधला आकार, तयार वस्तूचं माप. खांब म्हणजे तुमचा कोणता टाका, हे एका वाक्यात. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक्यांची बेरीज, म्हणजे चुकलेलीला चूक त्याच ओळीत सापडेल. जमलं तर चिन्हांचा आलेख काढा. जपाननं ही चिन्हं राष्ट्रीय मानकात नेमून दिली आहेत आणि त्यांना भाषा लागत नाही. मग कागद अशा मैत्रिणीला द्या जिनं वस्तू पाहिलेली नाही, आणि ती विणत असताना मध्ये बोलू नका. ती जिथं अडेल तिथं मजकूर बदला. खाली आपलं नाव, गाव आणि साल घाला. नमुना आत्याचा असेल तर आत्याचं नाव घाला. नाव आठवत नसेल तर निदान कुणाच्या घरचा, कुठल्या गावचा तेवढं लिहा.