हृदयाच्या बांधातील खांड

अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपल्यापैकी पुष्कळांनी निदान बाहेरून तरी पाहिली असेल. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम येथे आणले गेले. सूक्ष्म गोष्ट टिपावयाची तर गलबल्यापासून दूर जावे लागते. हृदयाची वीज टिपताना मात्र उलट करावे लागते; तेथे आत शिरावे लागते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानशी गाठ आहे. विश्रांतीच्या वेळी ती मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेचा स्पंद सोडते. वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचा पडदा असतो. खारेपाटातील मंडळींना आम्ही सांगू की हा खारबांध समजा. बांधाला उघाडी एकच. तिच्यातून प्रवाह क्षणभर थबकून खाली उतरतो. पण काहींच्या बांधात जन्मतःच एक खांड राहून गेलेली असते. मग उघाडीतून उतरलेला प्रवाह खांडीतून वर चढतो, पुन्हा उघाडीशी येतो आणि गरगर फिरू लागतो. छाती एकाएकी मिनिटाला दीडशे-दोनशेच्या वेगाने धडधडते, आणि तशीच एकाएकी थांबते.

येथेच घोटाळा होतो. धडधड सुरू होते रेवदंड्यास. मांडव्याची लाँच धरून माणूस मुंबईच्या डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा ती थांबलेली असते. आलेख पुष्कळदा निर्दोष निघतो. मग ‘मनाला लावून घेता’ असा शेरा मिळतो. स्त्रियांना तर हमखास! म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात आलेख काढून घ्यावा आणि ती पट्टी जपून ठेवावी. घेरी आली, छातीत दुखले, तर मुंबईची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे.

खांड शोधून बुजविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९६८ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. सीली यांनी केला. रोगी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचा मासेमार होता. त्याची छाती उघडावी लागली. आज तेवढे करावे लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयात सरकवितात, आणि डॉक्टर लहान विद्युत्स्पंद देऊन ती धडधड मुद्दाम उठवितात. (हे ऐकून श्रोते दचकतात, पण चोर पकडावयाचा तर त्याला बाहेर काढलेच पाहिजे.) तारांच्या टोकांशी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. खांडीतून आलेला प्रवाह जेथे सर्वांत आधी उमटतो, तेथे तारेचे टोक टेकवून रेडिओलहरींनी काही मिलिमीटर भाग तापवितात. तेथे वण होतो, आणि वणातून वीज वाहत नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हे उपचार होतात.

सगळीच अनियमितता इतकी सरळ नसते. उतारवयात वरचे कप्पे नुसतेच थरथरतात. त्याच्या ठिणग्या बहुधा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असतात, असे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ साली दाखविले. तेथे एका डागाने भागत नाही; दुखणे परतही येते, आणि रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊ नये म्हणून पुष्कळांना औषध चालू ठेवावे लागते. धोकाही सांगितला पाहिजे. खांड उघाडीला अगदी लगटून असली तर उघाडीच बंद पडण्याची भीती असते. मग कृत्रिम गतिकारक बसवावा लागतो. अशा वेळी डॉक्टर हात आवरतात आणि औषधांवर भागवितात.