खटका मजबूत आहे, पण भरवशाचा आहे का?

आजच्या भागाचं कारण आहे माझ्या उजव्या हाताची तर्जनी. गेल्या पावसाळ्यात गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याशी, ताडपत्री बांधायला बांबूला खाच पाडत होतो. पातं अडकलं. सोडवायला मूठ धारेच्या बाजूला दाबली आणि फोल्डिंग चाकू हातातच मिटला. तीन टाके. फोन आजही त्या बोटाचा ठसा ओळखत नाही, पिन टाकावा लागतो.

गंमत म्हणजे लॉक तुटलंच नव्हतं. घरी येऊन बघितलं तर सगळं जागच्या जागी. म्हणजे लॉक मजबूत होतं, पण भरवशाचं नव्हतं. किती भाराला तुटेल, ही झाली मजबुती. न तुटता, नको तेव्हा सुटेल का, हा झाला भरवसा. बोटं बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे कापतात.

आधी मजबुतीचं गणित. समजा पातं ८ सेंटिमीटर लांब आहे आणि लॉक पात्याला टेकतं ती जागा खिळीपासून ८ मिलिमीटरवर. टोकाशी ५ किलोचा जोर दिला, तर लॉकवर येतो ५० किलोचा. शाळेतली तरफ, दुसरं काही नाही. तरी बऱ्यापैकी चाकू हे सहन करतात.

माझा चाकू लायनर लॉकचा. मुठीच्या आतली पातळ पट्टी स्प्रिंगसारखी वाकते आणि उघडलेल्या पात्याच्या बुडाशी जाऊन टेकते. १९८०च्या दशकात मायकल वॉकर या अमेरिकन कारागिरानं हिला आजचं रूप दिलं. सगळा खेळ त्या टेकण्याच्या जागेचा. तिथला उतार चुकला, खिशातले धागे अडकले, किंवा मूठ पिळली गेली, की पट्टी सरकते. घट्ट पकडताना आपलंच बोट तिला बाजूला ढकलतं, हे तर मला माहीतच नव्हतं.

बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत बसतो. तो पकडीनं सहसा सुटत नाही, पण खाचेत माती गेली तर पूर्ण बसतही नाही. फ्रान्सच्या ओपिनेलनं १९५५ मध्ये साधी फिरती कडी बसवली. स्प्रिंग नाही, काही नाही. कडी फिरवली की पात्याची वाट बंद. मला हे फार आवडतं. फक्त कडी फिरवायची आठवण आपल्याला राहायला हवी, आणि लाकडी मूठ पावसात फुगली की पातं उघडता उघडत नाही!

आणि नेहमीच्या छोट्या स्विस चाकूंना तर लॉकच नसतं, नुसता स्प्रिंगचा ताण. तरी लोक वर्षानुवर्षं सुखात वापरतात, कारण पातं मिटू शकतं हे त्यांना ठाऊक असतं. मी लॉकच्या भरवशावर बांबूशी कुस्ती खेळत होतो.

तुमचा चाकू तपासायचाय? मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, एकही बोट पात्याच्या वाटेत नको. पात्याची पाठ लाकडी टेबलावर हळूहळू दाबा, मग मूठ किंचित पिळून पुन्हा दाबा. आपटू नका, चांगलं लॉकही त्यानं बिघडतं. जरा जरी सरकलं, तर आधी ब्रशनं साफ करून परत बघा. माझ्या चाकूतून जीन्सच्या निळ्या धाग्यांचा अख्खा बोळा निघाला.