छायाचित्रांचे अंकीय जतन
छायाचित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग व तेज अंकांत नोंदवून त्या नोंदी संगणकीय फाइलीत साठविणे. नोंदींच्या मांडणीनुसार फाइलींचे निरनिराळे प्रकार पडतात. जेपेग (१९९२) या प्रकारात डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील वगळतात. त्यामुळे फाइल पुष्कळच लहान होते. मात्र वगळलेला तपशील परत मिळत नाही आणि फेरफार करून पुनःपुन्हा साठविल्यास हानी वाढत जाते. टिफ (१९८६) व पीएनजी (१९९६) या प्रकारांत तपशील न गमावता चित्र साठविता येते. फाइली मात्र मोठ्या होतात. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या सामान्यतः २५६ पातळ्या असतात, तर १६ बिटांच्या टिफमध्ये ६५,५३६.

वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघेपासून जवळच असलेल्या सेवाग्राम आश्रमात कनू गांधी यांनी १९४८ पूर्वीच्या दशकात महात्मा गांधींची अनेक छायाचित्रे फिल्मवर टिपली. फिल्म कालांतराने खराब होते व तिच्यावरून केलेली अंकीय प्रत हाच पुढे एकमेव पुरावा उरण्याचा संभव असतो. म्हणून अशा छायाचित्रांची मूळ अंकीय प्रत टिफमध्ये राखून, पाहण्यासाठी व पाठविण्यासाठी तिच्यावरून जेपेग प्रती तयार करणे इष्ट ठरते. घरगुती छायाचित्रांनाही हाच नियम लागू पडतो. जेपेगमध्येच टिपलेले छायाचित्र असल्यास त्याची मूळ फाइल फेरफार न करता वेगळी ठेवावी.