मालदांडीची कसोटी

हुरड्याच्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या एखाद्या शिवारात गेलात, तर एका गोष्टीचे नवल वाटेल. पाऊस थांबून दोन-अडीच महिने झालेले, विहिरीने तळ गाठलेला, आणि तरी काळ्या रानात डोक्याइतकी उंच ज्वारी डुलत असते. तिला पाणी कोण देते? परतीच्या पावसाने मातीत मुरवलेली ओल! सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभरात पेरलेली ही शाळू त्याच शिदोरीवर चार महिने काढते.

या रानांची जुनी धनीण म्हणजे मालदांडी. गावरान वाणातून 1930च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे निवडलेला ‘मालदांडी 35-1’ आजही पेरला जातो. दाणा टपोरा आणि मोत्यासारखा, भाकरी मऊ, कडबा गोड. खोडमाशीलाही तो बऱ्यापैकी दाद देत नाही. 1964मध्ये ‘सीएसएच-1’ ही संकरित ज्वारी आली. खरिपात संकरित वाणांनी उतारा वाढवला. पण ऐन पावसात सापडलेला दाणा काळा पडे. रब्बीच्या कोरड्या रानात तर त्यांचा जम बसलाच नाही.

कारण इथे पिकाचे मोल नुसत्या क्विंटलांवर ठरत नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि दावणीची जनावरे. माणसांना भाकरी आणि जनावरांना कडबा, दोन्ही एकाच ताटातून मिळतात. 1972च्या दुष्काळात परदेशी तांबडी ‘मिलो’ खाल्लेल्यांना घरच्या शाळूची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मालदांडीत दोष नाहीत असे नव्हे. दाणा भरताना ओल संपली, की खडखड्या रोग ताटे पोखरतो आणि उभे पीक लोळते. म्हणूनच परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ दिली. राहुरीने हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, मध्यमसाठी ‘फुले सुचित्रा’ आणि भारीसाठी ‘फुले वसुधा’ दिली. एकच वाण सगळ्या रानांत पेरू नये, हा त्यातला धडा. जमिनीची खोली पाहून बियाणे निवडावे.

मात्र नवा वाण कितीही गुणी असो, बीडचा शेतकरी त्याला दोनच प्रश्न विचारतो : भाकरी कशी होते, आणि कडबा किती निघतो?